पुन्हाबाई

आमच्या बाईंना काही लिहून दाखवायला नेलं तर त्या कागद हातातच घेत नसत. चष्मा कपाळावर सरकवून आपल्याकडे बघत आणि विचारत, "ज्याच्यावर लिवलं, त्याले वाचून दाखवलं?" नाही म्हटलं की चष्मा परत नाकावर येई आणि बाई आपल्या कामाला लागत. "पुन्हा जाय." संपलं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, हे दोन शब्द त्याच्या कानात अजून असतील. बाईंचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तर असो, आमच्यासाठी त्या पुन्हाबाई. एकदा कुणीतरी हे नाव फळ्यावर लिहून ठेवलं. आम्ही श्वास रोखून बसलो. बाईंनी ते वाचलं, 'पुन्हा'तला 'पु' ऱ्हस्व आहे ना याची खात्री केली, त्याखाली 'टोपणनाव : सामाजिक नियंत्रणाचे अनौपचारिक साधन' असं लिहिलं आणि तास सुरू केला.

समाजशास्त्र मी घेतलं ते त्यात गणित नाही म्हणून. आमचं घर धान पिकवणारं, गाव काळीपिवळी जीपने थोडं आडबाजूला, आणि घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मीच पहिली. सामाजिक स्तरीकरण, संस्थीकरण असले शब्द ऐकून पहिल्याच आठवड्यात माझं धाबं दणाणलं होतं. बाईंनी ते चेहऱ्यावरून ओळखलं असणार. म्हणाल्या, "सामाजिक नियंत्रण म्हंजे काय? 'लोकं काय म्हनतीन.' झालं. दर्जा म्हंजे लग्नात तुमची पंगत कोनत्या खेपेला बसते थे. न् भूमिका म्हंजे त्या पंगतीत तुमी जेवता का वाढता थे. आता पुस्तकातली व्याख्या लिवून घ्या, परीक्षेत थे लागते." मी आजवर लग्नांत फक्त वाढलेलंच होतं. त्या दिवशी घरी गेले आणि आईकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत बसले. ती म्हणाली, "काऊन वं, ताप आला का?"

पहिल्या वर्षाचं पहिलं काम होतं, आपल्या गावच्या पानठेल्यावर कोण कुठे बसतं ते पाहून लिहिणं. सगळ्या वर्गाने लिहिलं, 'आमच्या गावात सर्व जण मिळूनमिसळून बसतात.' सगळा वर्ग पुन्हा गेला. मी मात्र तणतणत बाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, मी पोरगी. पानठेल्यावर उभी राह्यली तं बाप तंगडं तोडन." बाई खूश झाल्या. "थेच लिव ना! मले तिथी उभं राहता येत नाई, हे तुह्यं पयलं निरीक्षण." मग मी समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन बसले आणि पाहिलं. ठेल्यापुढे बाकडं एकच. त्यावर कोण टेकतं, कोण उकिडवं बसतं, आणि कोण उभ्याउभ्या सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेऊन निघून जातं. जन्मापासून पाहत आलेलं ते बाकडं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. फार बरं वाटलं असं नाही. उकिडवं बसणाऱ्यांत माझे वडीलही होते.

कुणाच्या घरी माहिती घ्यायला गेलं की बाई पेन बाहेर काढू देत नसत. "पेन काढलं की मानूस साक्षीदार होते," असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः ओट्यावर बसत, धानाचं विचारत, सुनेच्या बाळंतपणाचं विचारत, भाजी निवडू लागत. पुढच्या खेपेला मुद्दा काढत. एका मुलाने खिशात मोबाइल चालू ठेवून बोलणं रेकॉर्ड केलं होतं. बाईंनी त्याला त्याच घरी परत नेलं आणि घरच्या म्हाताऱ्याला सगळं ऐकवायला लावलं. म्हातारा आपलाच आवाज ऐकून इतका हरखला, की त्याने आणखी दोनदा लावायला सांगितलं. मुलगा मात्र घामाघूम झाला होता.

बाई एकट्या राहत, हिरव्या स्कूटीवरून फिरत, आणि प्राचार्यांना प्राचार्यांच्या खोलीत जाऊन 'तुमचं चुकलं' म्हणून येत. आम्हा मुलींना वाटे, भीती नावाची चीज या बाईला देवाने दिलीच नाही. दुसऱ्या वर्षी आमची सहल जिवतीकडच्या डोंगरात गेली, तेव्हा एका वाडीवर माणसांनी आमची गाडी अडवली. कोण तुम्ही, सर्वे कशाचा, जमीन घ्यायला आला का, आवाज चढत गेले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. बाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, घोटभर पानी भेटन का?" कुऱ्हाडवाला क्षणभर गोंधळला, मग घराकडे वळून लोटा आणायला ओरडला. परतताना बाई म्हणाल्या, "भेव वाटलं की पानी मागावं. पानी देनारा मारत नाई." बाईंना आणि भेव! आम्ही गाडीभर हसलो.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी हसण्याची पाळी राहिली नाही. वडिलांनी सरळ सांगितलं होतं, "यंदा एम.ए. झाली तं पुढं शिक, मी आडवा येत नाई. नाई झाली तं नागभीडचं स्थळ आहे, मंग माह्या म्हनन्यावर चालायचं." वडील शब्दाचे पक्के, चांगल्या अर्थाने आणि वाईटही. माझं सगळं प्रबंधावर अडलेलं होतं आणि प्रबंधावर सही बाईंची लागत होती.

विषय मी मोठ्या हौसेने घेतला होता. जंगलाला लागून एक छोटं गाव, बहुतेक घरं गोंडांची. तिथे उन्हाळ्यात बायका मोहफुलं वेचतात. प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं, पिढ्यान्‌पिढ्या. एका उन्हाळ्यात मैनाबाई नावाच्या बाईला तिच्याच झाडाखाली वाघाने मारलं. तेव्हापासून त्या झाडाची फुलं कुणी वेचत नव्हतं. मी घरोघर विचारलं, सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "तिथी कोनी वेचत नाई." मी लिहिलं, 'भीती आणि अंधश्रद्धेपोटी समूहाने हे झाड टाकून दिले आहे.' प्रबंधाला नाव दिलं 'टाकलेलं झाड'. त्या नावावर मी इतकी खूश होते, की टायपिंगवाल्याकडून ते जाड अक्षरात दोनदा छापून घेतलं.

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. "वाचून दाखवलं?"

"बाई, वेळ नाई आता. जमा कराची तारीख तोंडावर आली."

"पुन्हा जाय."

मी रडले, भांडले, नागभीडच्या स्थळाचं सांगितलं. माझं वर्ष जाईल म्हटलं. बाई म्हणाल्या, "वर्ष पुन्हा येते, पोरी. पन लोकाहिचं नाव तू एकदा चुकीचं छापलं, तं थे पुन्हा येत नाई." त्या क्षणी मला बाईंचा मनापासून राग आला. मी कागद गोळा केले आणि दारापर्यंत गेले, तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, "थांब. मी येतो संगं."

गावात समाजमंदिराच्या ओट्यावर माणसं जमली. मैनाबाईची जाऊ अनुसयाबाई, अनुसयाबाईचा नवरा सीतारामभाऊ, शेजारपाजारच्या बायका. मी वाचायला लागले. पहिली दोन पानं सगळे माना डोलावत होते. मग झाडाचा भाग आला. मी 'टाकून दिले आहे' असं वाचलं आणि अनुसयाबाईने हात वर केला.

"काय म्हनलं वं? टाकलं?"

"हो. म्हंजे कोनी वेचत नाई ना तिथी, म्हनून..."

"टाकलेली तं थे बाई, जिले नवऱ्यानं सोडलं. आमच्या मैनाले कोनी टाकलं?"

पुरुषांत कुजबुज सुरू झाली. 'अंधश्रद्धा' हा शब्द मी आधीच वाचून बसले होते, तो आता कुणीतरी उचलला. सीतारामभाऊ उठले. उंच, हाडापेराचा माणूस. जवळ आले आणि त्यांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले. ओढले नाहीत, पण घट्ट धरून काढून घेतले. "हे तू कालेजात देशीन, मंग पेपरात येईन, मंग सायब येऊन आमाले शानपन शिकवन. हे कागद गावाबाहेर जानार नाई."

मी बाईंकडे पाहिलं. त्या ओट्याच्या कडेला मांडी घालून बसल्या होत्या. आता उठतील, घोटभर पाणी मागतील, हसवतील, काहीतरी करतील. त्यांनी काहीही केलं नाही. जमिनीकडे बघत बसून राहिल्या. एम.ए. सीतारामभाऊंच्या काखेत होतं आणि माझी बाई मुकी झाली होती. शेवटी तोंड उघडलं ते अनुसयाबाईने. "झाड पाह्यलं का तू?"

नव्हतं पाहिलं. घरं पाहिली होती, माणसं पाहिली होती, झाडाखाली मी कधी गेलेच नव्हते.

"सकाळी चाल माह्यासंगं," ती म्हणाली. "मंग लिव काय लिवायचं थे."

फटफटायला लागलं तेव्हा आम्ही निघालो. पुढे अनुसयाबाई आणि एक शेजारीण, मागे आणखी दोघी, मध्ये मी आणि बाई. बायका मुद्दाम मोठमोठ्याने बोलत होत्या, हातातल्या काठ्या बुंध्यांवर आपटत होत्या. निघताना एकच ताकीद मिळाली होती, "आतमंदी त्याचं नाव नोको घेऊ. 'थो' म्हनायचं." माझ्या प्रबंधात पानोपानी 'व्याघ्र' होता. हवेत मोहाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास होता. एरवी आम्हाला बोलून बोलून दमवणाऱ्या बाई त्या वाटेवर एक अक्षर बोलल्या नाहीत.

मैनाबाईचं झाड एका ओढ्याच्या वर होतं. मला वाटलं होतं, पालापाचोळ्यात बुडालेलं, रान माजलेलं झाड दिसेल. समोर अंगण होतं. झाडाचा घेर जेवढा, तेवढी जमीन लख्ख झाडलेली, आणि तिच्यावर पिवळसर फुलांचा थर, कुणी हात न लावलेला. बुंध्याला काटक्यांचा खराटा टेकवून ठेवलेला. अनुसयाबाईने तो उचलला आणि रात्रीतून पडलेला पाला कडेने काढू लागली. फुलं तिथेच राहू दिली.

"शेवंता आहे ना मैनाची," ती झाडताझाडता म्हणाली. "नर्सिंग शिकून राह्यली गडचिरोलीले. मायच्या मांगं इथी पाय नाई टाकला तिनं, धीर नाई होत तिले. येईन तवा येईन. पन येईन तवा तिच्या मायचं झाड तिले झाडलेलं भेटलं पायजे. पयली टोपली तिची. तवरीक आमी वेचत नाई. हे टाकलेलं नाई वं, राखलेलं आहे."

"तुमाले भेव नाई वाटत?"

"वाटते तं. म्हनून चौघी येतो. एकटी कोनी येत नाई."

तेवढ्यात ओढ्याच्या खालून चितळ ओरडलं. एकदाच, चिरकं. पाठोपाठ वानर खेकसलं. बायकांचं बोलणं तुटलं. खराटा जिथल्या तिथे थांबला. झाडीत काही हलत नव्हतं, आणि ते न हलणंच अंगावर येत होतं. अनुसयाबाईने हाताने खूण केली. आम्ही सगळ्या एकमेकींना चिकटलो आणि तोंड ओढ्याकडे ठेवून, पाऊल मागे टाकत टाकत सरकू लागलो. बाईंनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट, की बांगडी आत रुतली. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. मला धीर द्यायला बाई आहेत, एवढ्या एका गोष्टीवर मी ती वाट उलट्या पावलांनी चालले.

'तो' दिसला नाही. गावाच्या पहिल्या कुडाजवळ आलो तेव्हा बायका एकदम हसायला लागल्या आणि मला रडू कोसळलं.

त्याच ओट्यावर बसून मी तो भाग नव्याने लिहिला. बाईंनी एक शब्द सुचवला नाही. दुपार कलली तेव्हा माणसं परत जमली आणि मी वाचलं. नाव बदललं होतं, 'राखलेलं झाड'. अंधश्रद्धा गेली होती. भीती मी ठेवली होती, अनुसयाबाईला विचारून. वाचून झालं. सीतारामभाऊ घरात गेले आणि कालचे कागद घेऊन बाहेर आले. माझ्या हातात देत म्हणाले, "शेवंतालेही वाचून दाखव हे." मग बाईंनी पेन मागितलं. मांडीवर कागद ठेवून सही केली आणि तिच्याखाली, नेहमी लिहीत तसं, 'वाचून दाखवले' असं लिहिलं. मी ते वेळेत जमा केलं. नागभीडच्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं, सुखात आहे म्हणतात.

आता मी गडचिरोलीत शिकवते. मुलं माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. नाव वारसाहक्काने आलंय, तेव्हा तक्रार करता येत नाही. शेवंता इथल्याच दवाखान्यात आहे. तिने पहिली टोपली वेचली तेव्हा मूठभर सुकवलेली फुलं मला आणून दिली. ती डबीत आहेत.

बाई निवृत्त झाल्या आणि काही दिवसांनी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. ब्रह्मपुरीत भाचीकडे असतात. एवढं बोलणारं माणूस असं खाटेवर गप्प पडलेलं बघवत नाही. पहिल्यांदा भेटून आले तेव्हा काळीपिवळीत तोंड ओढणीत खुपसून रडले. मग वाटलं, बाईंवर लिहावं. लिहिलं. आणि लिहून झाल्यावर आठवलं, की ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवायचं असतं.

एका रविवारी गेले आणि खाटेजवळ बसून हे सगळं वाचलं. फळ्याच्या गोष्टीला बाई अर्ध्या तोंडाने हसल्या. जंगल आलं. 'चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता' असं वाचलं आणि त्यांचा डावा हात वर झाला. अगदी अनुसयाबाईसारखा.

"खोड," बाई म्हणाल्या. एकेक शब्द ओढून काढत होत्या. "मले... भेव वाटत होतं."

"पन बाई, तुमी तं माह्यं मनगट धरलं होतं. मले धीर द्याले."

बाईंनी मान हलवली. "मीच पडली असती."

इतकी वर्षं मी त्या पकडीच्या जोरावर चालत आले होते. नोकरीच्या मुलाखतीला, पहिल्या तासाला, वडील गेले तेव्हा. "मंग आल्या काऊन जंगलात?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.

"पुन्हा जाय म्हननं... सोपं असते," बाई म्हणाल्या. "एकखेप... संगं जावं लागते."

'लवलेश नव्हता' हे वाक्य मी खोडलं नाही. तुम्ही ते वर वाचलंच आहे. त्याच्याखाली हे लिहिलं. मग शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं आणि पेन डाव्या हातात दिलं. म्हटलं, "बाई, सही." त्यांनी पेन बोटांत धरलं, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेन खाटेवर ठेवून दिलं.

"आज नाई. नीट कर. पुन्हा ये."

पुन्हा ये. जन्मभर 'पुन्हा जाय' म्हणणाऱ्या बाईंच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या रविवारी गेले तर स्कूटीची चूक निघाली. मी निळी लिहिली होती, ती हिरवी होती. त्याच्या पुढच्या खेपेला कुऱ्हाडवाल्याच्या लोट्यावरून वाद झाला. दर रविवारी एक शब्द निघतो, मी तो नीट करून आणते, आणि पेन खाटेवरच राहतं. सही झाली की वाचून दाखवायला काही उरणार नाही, हे बाईंना कळतं. मलाही कळतं. म्हणून तुम्ही हे वाचताय ते बाईंच्या सहीविना आहे. यात एक चूक मी मुद्दाम ठेवली आहे, येत्या रविवारसाठी.